दारातलं लिंबू

नवऱ्याचं नाव तोंडाने घेऊ नये, असं आमच्या कऱ्हाटीत अजूनही मानतात. मी घेते. जोतीराम. कारखान्यात त्याचं नाव कुणी घेईनासं झालं, 'तो हात गेलेला' एवढंच म्हणायला लागले, तेव्हापासून मी मुद्दाम घ्यायला लागले. कुणाला आगाऊपणा वाटला तर वाटू दे. माझं नाव म्हाळसा. मला शांत करायला आमच्या आईने देवाला किती नारळ फोडले, पण उपयोग झाला नाही.

कारखाना म्हणजे बारामतीच्या एमआयडीसीतला, जनावरांच्या पेंडीचा. सरकीची ढेप, मका, भुसा, मीठ असं सगळं एका मोठ्या मिक्सरात टाकायचं, वरून साखर कारखान्याची काळी मळी ओतायची आणि ढवळायचं. मिक्सर म्हणजे माचाणावर आडवं निजवलेलं लोखंडी पिंप, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीएवढं. त्याच्या पोटात पाती फिरतात. माल तयार झाला की पिंपाच्या तळाचं दार सरकतं आणि पेंड खाली पडते. खाली आम्ही बायका पोती भरून शिवतो.

ते दार माणसाच्या हाताने सरकण्यातलं नाही. जड लोखंडाचं, उतरत्या रुळावर बसवलेलं, मोटरवर चालणारं. हिरवं बटण दाबून धरलं की मिटत जातं. मोटरच्या मागे टोपीसारखा ब्रेक आहे. वीज आहे तोवर तो सुटलेला असतो, वीज तुटली की आतली स्प्रिंग मोटरला आवळून धरते. म्हणजे बटणावरचं बोट उचललं की दार जागच्या जागी थांबलं पाहिजे. खट्ट असा आवाज येतो. जोतीरामने चार वर्षं ते मशीन चालवलं, आणि घरी जेवतानासुद्धा तो त्या खट्टचं कौतुक सांगायचा. मेंढरं राखणाऱ्या घरातला पहिला माणूस मशीनवर गेलेला, कौतुक असायचंच.

त्या ब्रेकला एक दांडी आहे. वीज गेली आणि दार अर्ध्यात अडकलं तर एकाने दांडी ओढून ब्रेक सोडवायचा आणि दुसऱ्याने चाक फिरवून दार उघडायचं. कारण माल आत राहिला तर मळीने त्याचा दगड होतो, मग पहारीने फोडावा लागतो. शहाण्णवच्या उन्हाळ्यात वीज सारखी जायची. दांडी ओढायला दर वेळी एक माणूस कुठून आणायचा? तेव्हा सुपरवायझर विजयसिंहाने डोकं चालवलं. पोती शिवायच्या सुतळीने त्याने ती दांडी ओढून बांधूनच टाकली. ब्रेक कायमचा सुटा. एका माणसाचं काम वाचलं, कसं ते न विचारताच मामांनी पाठ थोपटली. मामा म्हणजे कारखान्याचे मालक आबासाहेब. विजयसिंह त्यांचा सख्खा भाचा, निमगाव केतकीचा.

दाराच्या कडेला मळी चिकटून खपली धरते, मग दार नीट बसत नाही. ती खरवडायची तर दार थोडं थोडं मिटत आणायचं आणि कडेला हात घालून पत्र्याने काढायची. त्या दिवशी जोतीराम खरवडत होता आणि बटणावर स्वतः विजयसिंह उभा होता, घाईत. जोतीराम म्हणाला, "थोडं द्या." त्याने दिलं. जोतीराम म्हणाला, "बास." विजयसिंहाने बोट उचललं. दार थांबलं नाही. वीतभर पुढे गेलं आणि जोतीरामचा उजवा हात मनगटासकट घेऊन बसलं.

पुण्याच्या दवाखान्यातून तो हात नसलेला परत आला, तोवर सुतळी गायब झाली होती. तपासायला सरकारी साहेब आले. त्यांना ब्रेक ठणठणीत दिसला, खट्ट वाजला. आणि विजयसिंहाने सगळ्यांसमोर सांगितलं, "मी तिथं नव्हतोच. यानंच एका हातानं बटण दाबलं आणि दुसरा आत घातला. मेंढरांमागं फिरणारी माणसं ही, यांना मशीन काय कळणार?"

हात गेला त्याचं मी कसंबसं गिळलं असतं. पण हे वाक्य माझ्या घशात अडकलं ते अडकलंच. कऱ्हाटीपासून सुप्याच्या बाजारापर्यंत ते पोचलं. लोक हळहळायचे आणि शेवटी म्हणायचे, "जोत्या, असा कसा रं हात घातलास?" भर उन्हात जोतीराम खांद्यावर घोंगडी टाकून बसायचा आणि तुटका हात तिच्याखाली झाकून ठेवायचा. उरलेली थोडी मेंढरं घेऊन माळावर जायचा आणि अंधार पडल्यावरच यायचा. त्याला त्याचा हात आणून देणं माझ्या हातात नव्हतं. पण हे वाक्य ज्याच्या तोंडातून निघालं त्याच्याच तोंडात परत कोंबायचं, एवढं मी ठरवलं.

आबासाहेबांनी मोठ्या मनाने मला पोती शिवायला घेतलं. माणूस वाईट नाही, पण भाच्यापुढे आंधळा. मी गेले. शेजारणी म्हणाल्या, ज्या कारखान्याने नवऱ्याचा हात खाल्ला तिथं कशी जातीस गं बाई? मी म्हटलं, जावं लागतंय. साप बिळात असतो, तर बिळापाशीच बसावं लागतं.

विजयसिंह मला पाहून पहिल्या दिवशी दचकला, दुसऱ्या दिवशी हसला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "काय म्हाळसा, सुई चालवता येते ना? का मेंढरंच?" मी मान खाली घालून हसले. माझ्या आईने ते हसू पाहिलं असतं तर आणखी एक नारळ फोडला असता.

पोती शिवताना डोळे सुईवर असतात, कान मोकळे असतात. महिनाभरात मला वरचं मशीन न बघता कळायला लागलं. घर्र, घर्र, खट्ट. दार उघडलं. घर्र, घर्र, खट्ट. दार मिटलं. माझ्याशेजारी दगडाबाई बसायच्या, कारखाना उभा राहिला तेव्हापासूनच्या, विधवा, तोंडाने फाटक्या. त्या दिवसभर बडबडायच्या, पण जोतीरामच्या अपघाताचा विषय निघाला की सुईत दोरा ओवायला लागायच्या.

पोळा झाला आणि एके दिवशी खट्ट बंद झालं. घर्र, घर्र, धाड. दार जाऊन टोकाला आदळत होतं.

माझी सुई बोटात घुसली. झाडू घेऊन मी वर गेले, माचाणावर सांडलेली पेंड लोटायचं निमित्त करून. दांडीला सुतळी बांधलेली होती. आमचीच, पोत्याची. पुन्हा वीज जायला लागली होती आणि त्याने पुन्हा तेच केलं होतं. एक हात जाऊन सहा महिने झाले नव्हते.

माझ्या कमरेला विळा होता. सुतळी कापायला क्षण लागला नसता. आबासाहेबांना बोलावून दाखवायलाही वेळ लागला नसता. मग काय झालं असतं? भाचा म्हणाला असता, कुणी बांधली कुणास ठाऊक, आणि सुतळी पुन्हा गायब. मी कापली नाही. मात्र जोतीरामच्या जागी आलेल्या नागेशला जिन्यात गाठलं. "खरवडायचं तर मशीनचा मेन खटका पाडून, लांब पहारीनं. दारात हात घातलास तर तुझ्या आईला येऊन सांगीन," म्हटलं. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता मान हलवली. दुसरा हात जायला नको होता मला. मला एकच हात हवा होता.

सुतळी बघून आल्यावर मी दगडाबाईंना फक्त म्हणाले, "वर पुन्हा बांधलीय."

त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "मागल्या येळचीबी मी बघितली व्हती, पोरी. त्यानं माझ्याकडनंच सुतळी नेली. पण ह्या वयात मला दुसरं काम कोन देनार?"

"तुमी काय बोलू नका," मी म्हटलं. "खंडेनवमीला फकस्त एक वाक्य बोला."

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते आणि कारखान्यात मशीनची. मशीन धुवायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूचे हार घालायचे. नवी गाडी घेतली की चाकाखाली लिंबू ठेवतात, तसं ह्या कारखान्यात मिक्सरच्या दारात लिंबू चिरडतात. मशीनने माणसाचं रक्त मागू नये म्हणून. लिंबू गोल आणि रूळ उतरता, नुसतं ठेवलं तर घरंगळतं. म्हणून सुपरवायझरने ते दाराच्या वाटेत बोटांनी धरून ठेवायचं, सवाष्णीने हिरवं बटण दाबून दार थोडं थोडं आणायचं, दाराने लिंबू पकडलं की 'बास' म्हणून हात काढायचा आणि मग लिंबू फोडायचं. दरवर्षी बटण आबासाहेबांच्या बायको दाबायच्या. यंदा त्या लेकीच्या बाळंतपणाला इंदापूरला गेल्या होत्या, आणि ते मला भाद्रपदातच कळलं होतं.

मशीन धुवायचं काम बायकांचं. ब्रेकची बाजू मी स्वतःकडे घेतली. फडक्याने चकचकीत केली, दांडीला हळदकुंकू लावलं, सुतळीलाही लावलं. मग तिच्यावर झेंडूचा असा दाट हार घातला की खाली काय आहे ते दिसू नये. पूजेच्या आधी कुणाला ती सोडायची बुद्धी होऊ नये, एवढीच खंडोबाला विनवणी केली. जेजुरीला जाऊन भंडारा उधळीन म्हटलं.

सगळे माचाणापाशी जमले. आबासाहेब फेटा बांधून आले. त्यांनी नारळ फोडला आणि विचारलं, "बटणाला कोण?"

"म्हाळसा हाय की सवाष्ण," दगडाबाई म्हणाल्या. "ज्याच्या घरचं रगात मशीननं घेतलं त्येच घरानं शांत करावं, आबासाहेब."

आबासाहेबांचे डोळे पाणावले. "बरोबर बोललात. ये पोरी."

मी पदर खोचला आणि बटणापाशी उभी राहिले. समोर दार आ वासून उघडं. पलीकडे विजयसिंह, पांढराशुभ्र शर्ट, कपाळाला गंध. आणि त्याच्या हातात लिंबू नव्हतं, चहाच्या शेगडीवरचा लांब चिमटा होता. लिंबू चिमट्यात.

वाटलं, खंडोबा, तू तर मागितल्यापेक्षा जास्त दिलंस. मला नुसता त्याचा हात दारात हवा होता, याने तर चिमटा आणून स्वतःविरुद्ध साक्षीदारच उभा केला, ब्रेक सुटा आहे हे याला पक्कं ठाऊक होतं.

"अगं बाई," मी मोठ्याने म्हटलं, "देवाचं लिंबू चिमट्यानं? साहेब, ही पूजा हाय का चहा?"

बायका फिदीफिदी हसल्या. गडीमाणसंही हसली. आबासाहेबांच्या कपाळाला आठी पडली. "विजय, हे काय? हातानं धर. दरवर्षी धरतोस ना?"

"मामा, तिला बटणाची सवय नाही. उगाच..."

"सवय कशाला लागती?" मी म्हटलं. "दाबलं की दार येतं, बोट उचललं की दार थांबतं. तुमीच सरकारी सायबाला सांगितलं न्हवं? मेंढरामागं फिरणारीलाबी कळंल एवढं सोपं हाय."

आता कुणी हसलं नाही. विजयसिंहाने एकदा ब्रेकच्या बाजूला पाहिलं. हार बघितला. तिथवर जायचं तर सगळ्यांच्या समोरून जावं लागणार होतं, आणि कशाला चाललास असं मामांनी विचारलं असतं. त्याने चिमटा खाली ठेवला. लिंबू बोटात धरलं आणि हात दारात घातला. उजवा.

मी बटणावर बोट ठेवलं.

खोटं कशाला सांगू? मला तो हात हवा होता. मनगटावर सोन्याचं घड्याळ होतं, बोटात पुष्कराजाची अंगठी होती, नखं नीट कापलेली. जोतीरामच्या हाताला मळीचा वास यायचा, तो हात माझ्या केसांवरून फिरला की मी चिडायची. मला सगळं आठवलं. बटण गार होतं. नुसतं दाबायचं होतं, आणि जग म्हणालं असतं, बाईमाणूस, सवय नाही, चुकलं.

"देऊ का साहेब?" मी विचारलं.

लिंबू थरथरत होतं.

"दे गं," आबासाहेब म्हणाले.

"साहेबांनी 'दे' म्हणू द्या. जोतीराम म्हणाला व्हता, 'थोडं द्या'. तसं म्हणू द्या."

नवऱ्याचं नाव घेतलं तेव्हा बायकांत कुजबुज झाली. विजयसिंहाच्या कानशिलावरून घाम ओघळून शर्टच्या कॉलरीत गेला. हात काढावा तर लबाडी उघडी पडणार, ठेवावा तर हात जाणार. मी त्याच्या डोळ्यांत बघत होते आणि घाई करत नव्हते. माझ्या नवऱ्याला दाराने तेवढाही वेळ दिला नव्हता.

"म्हणा की."

"नको!" तो किंचाळला. हात असा ओढला की कोपर लोखंडावर आपटलं. "दाबू नको! ब्रेक बांधलाय!"

लिंबू घरंगळत जाऊन दाराच्या खालच्या काठाला टेकलं.

"बांधलाय म्हणजे?" आबासाहेबांनी विचारलं.

मी दोन पावलं गेले आणि झेंडूचा हार ओढून काढला. हळदीकुंकवाची सुतळी सगळ्यांना दिसली. मग परत येऊन हिरवं बटण दाबलं. दार निघालं. अर्ध्या वाटेत मी बोट उचललं आणि तेच बोट डोक्याच्या वर धरलं, सगळ्यांना दिसेल असं. माझं बोट वर होतं आणि दार चाललं होतं. चाललं, चाललं, आणि धाड. लिंबू फुटलं, रस विजयसिंहाच्या पांढऱ्या शर्टवर उडाला.

"उन्हाळ्यातबी असंच बांधलं व्हतं का?" मी विचारलं. "बटणावर कोन व्हतं?"

तो खाली बघत राहिला. तेव्हा दगडाबाई मागून पुढे आल्या. त्यांना फक्त एक वाक्य दिलं होतं, पण त्या कुणाचं ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. "सुतळी माझ्याकडनं नेली ह्यानं. आन् बटनावर हाच व्हता, मी खालनं बघितला. काढा मला कामावरनं, आबासाहेब, काढायची तर."

आबासाहेबांनी त्यांना काढलं नाही. भाच्यालाही काढलं नाही, भाचा तो भाचाच. त्याला मशीनवरून उठवून इंदापूरच्या पेंडीच्या दुकानात बसवायचं ठरलं. मला वाटलं होतं, त्याचा चेहरा पडला की माझ्या पोटातली आग विझेल. घरी येईपर्यंत ती तशीच होती.

जोतीरामला मी चुलीपुढे बसून सगळं सांगितलं. त्याने मध्ये एकदाच विचारलं.

"त्येचा हात थरथरत व्हता?"

"व्हय."

"किती येळ?"

"लई येळ," मी म्हटलं. "लिंबू सुटंपतूर."

तो भाकरी खाऊन झोपला. मी जागीच होते. मला वाटत होतं, हा उद्या म्हणेल, झालं ते झालं, सोडून दे.

सकाळी दसरा. मी उठले तर जोतीराम आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून बसलेला. समोर आपट्याची पानं. घोंगडी खुंटीला टांगलेली, आणि तो हात दंडापासून उघडा. मी तो उजेडात नीट असा पहिल्यांदाच पाहिला.

"चल," म्हणाला. "निमगावला जाऊ. साहेबाला सोनं द्यायचं."

दसऱ्याला दारात आलेल्याचं सोनं नाकारता येत नाही, मग तो वैरी का असेना. यष्टीने आम्ही निमगाव केतकीला पोचलो. विजयसिंहाचं घर पाहुण्यांनी भरलेलं, ओसरीवर गावातली जाणती माणसं बसलेली. आम्हाला बघून तो उठला, आत जायला लागला. त्याच्याच आईने हाक मारली, "अरे, पाव्हणं आल्यात, सोनं घे की." म्हातारी चांगली होती. तिला काहीच माहीत नव्हतं.

जोतीरामने डाव्या हाताने पिशवीतली पानं काढली आणि उजव्या हाताच्या थोटकावर ठेवली. शिवण अजून लाल होती. तो हात त्याने पुढे केला. "सोनं घ्या साहेब. सोन्यावानी ऱ्हावा."

पानं घ्यायची तर थोटकाला बोटं लागणारच. विजयसिंहाने हात पुढे केला. तोच, अंगठीवाला. मी पाहिलं, कालच्यासारखाच थरथरत होता.

"आगं आई," म्हातारी कळवळली, "ह्यो हात कशानं गेला रं बाबा?"

"तुमच्या लेकाला इचारा, आई," जोतीराम म्हणाला. त्याचा आवाज इतका मऊ होता की मला माझ्या संतापाची लाज वाटली. मी बाजारात ओरडणारी, हा मुळावर घाव घालणारा. "त्येस्नी मशीनमधलं समदं कळतं."

म्हातारी लेकाकडे बघत उभी राहिली. आम्ही पाणी पिऊन निघालो. यष्टीत जोतीराम खिडकीपाशी बसला, हात बाहेरच्या उन्हात टाकून. सुप्याच्या एका ओळखीच्याने विचारलं, "जोतीराम, कुठं गेला व्हता?" नावाने विचारलं. "साहेबाकडं," तो म्हणाला, "सोनं द्याया." आणि पोटभर हसला.

दुसऱ्या वर्षी विजयसिंह दसऱ्याला निमगावात थांबला नाही. दुकानाच्या मागे खोली घेऊन इंदापुरातच राहिला, सण तिथेच करायचा म्हणाला. आम्हाला त्याच्या आईनेच पत्ता सांगितला. इंदापूरला काय, यष्टी जातेच.